आप्त कोणाला म्हणावे? पडद्यावरील माहिती आणि वैद्याची परीक्षा



रुग्णाने वैद्यासमोर बसावे, वैद्याने नाडी पाहावी, चार प्रश्न विचारावेत आणि मग औषध सांगावे, हा क्रम आता बऱ्याच अंशी उलटला आहे. हल्ली रुग्ण औषध ठरवूनच येतो. हातातला मोबाईल पुढे करतो आणि "हे घेऊ का?" एवढेच विचारतो. पुष्कळदा तेही विचारत नाही; घेऊन झाल्यावर येतो. तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतल्या वेल्ह्यात, म्हणजे ज्या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे तेथे, मी बरीच वर्षे चिकित्सा करीत आहे. डोंगराआडच्या वाड्यांवर मोबाईलची रेंज लपंडाव खेळते हे खरे. पण संदेश मात्र कसेही करून पोहोचतात. एसटी चुकते, संदेश चुकत नाही.

या लेखाचा विषय रुग्णाचा मोबाईल हा नाही, आपला मोबाईल हा आहे. रुग्ण भोळेपणाने फसतो, असे आपण सहज म्हणतो. आपण स्वतः महाजालावर कसे शोधतो, काय शोधतो आणि सापडलेल्यापैकी काय खरे मानतो, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे माझे नम्र पण स्पष्ट मत आहे. हे मत मला एका प्रसंगाने शिकवले, म्हणून आधी तो सांगतो.

२०२१ सालचा पावसाळा होता. केळदच्या बाजूच्या एका वाडीतील पन्नाशीचे गृहस्थ सुनेसोबत दवाखान्यात आले. भूक मेली होती, मळमळ होत होती, लघवी गडद होती आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मद्याचे व्यसन नाही. इतर औषध कोणते चालू आहे, असे विचारल्यावर ते म्हणाले, "औषध काही नाही, डॉक्टरसाहेब. फक्त गुळवेल." पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने मोबाईलवर एक संदेश पाठवला होता. त्यात रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतल्यास कोरोना जवळ येत नाही, असे लिहिले होते. किती घ्यावा, किती दिवस घ्यावा, कोणी घेऊ नये, यांतले काहीच नव्हते. त्यांनी रानातून वेल तोडून आणली आणि दोन महिने नेमाने काढा घेतला. मी काढा थांबवला, तपासण्या लिहून दिल्या आणि त्यांना पुण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. काही आठवड्यांनी ते बरे झाले. तो काढाच कामलेला कारण झाला, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण उरलेला वेलीचा तुकडा मी मागवला, तेव्हा तो चुलीत गेला होता. वेल कोणती होती, हे कधीच कळले नाही.

त्या रात्री मी संगणकापुढे बसलो. मी जे शब्द टंकले ते असे होते: "गुळवेल यकृतासाठी फायदे". पडद्यावर फायद्यांची रांग लागली. एकही ओळ विरोधात नव्हती. मला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची आज मला लाज वाटते. मी 'फायदे' हा शब्द देऊन शोधले होते. शोधयंत्राने फायदे आणून दिले. यंत्राने आज्ञा पाळली. चुकला होता तो विचारणारा.

दोन दिवसांनी त्याच वेलीचे वनस्पतिशास्त्रीय नाव रोमन लिपीत टंकले आणि त्यापुढे यकृतविषाक्तता या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडला. तेव्हा जे समोर आले ते आपणा सर्वांस आता ठाऊक आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या सहा रुग्णांची नोंद 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाली होती. हे रुग्ण गुळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृतास इजा झाली होती. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने निवेदन काढून या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची ओळख पटवलेली नाही आणि आवश्यक तपशील नीट दिलेला नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. पुढे २०२२ साली 'हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेलीमुळे ऑटोइम्यून स्वरूपाचा यकृतशोथ उद्भवतो किंवा आधीच दडलेला तसा विकार उघडा पडतो, असे त्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा सांगितले, की गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित आहे. परंतु तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही अपायकारक ठरू शकते, म्हणून ओळख पटवून घ्यावी.

आता आपल्या वर्गाने काय केले ते आठवून पाहा. आपल्या मोबाईलवरील गटांत मंत्रालयाचे निवेदन शेकडो वेळा फिरले. मूळ शोधनिबंध किती जणांनी उघडला? मी माझ्या परिचयातील अनेकांना विचारले. वाचणारे फार थोडे निघाले. दुसऱ्या बाजूलाही तेच. आयुर्वेदाची टर उडवणाऱ्यांनी 'गुळवेल म्हणजे विष' अशा ठळक ओळी फिरवल्या. पण ४३ रुग्णांच्या मालिकेवरून लाखो लोकांमधील धोक्याचे प्रमाण काढता येत नाही, हे सांगण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. दोन्ही पक्षांनी निवाडा आधी केला आणि पुरावा नंतर शोधला. मधल्या मध्ये राहिला तो रुग्ण.

यावर कोणी म्हणेल, की शोधनिबंध, महाजाल, पुराव्याची प्रतवारी ही सारी पाश्चात्त्यांची परिमाणे आहेत. आपण ती का स्वीकारावीत? या आक्षेपाला उत्तर पाश्चात्त्यांकडून आणण्याची गरज नाही. ते चरकसंहितेत आहे.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, रोगभिषग्जितीयात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याला पहिली आज्ञा कोणती आहे? औषधे पाठ कर, ही नव्हे. गुरू शोध, हीसुद्धा नव्हे. पहिली आज्ञा आहे ती शास्त्राची परीक्षा करण्याची. कारणही तेथेच दिले आहे: वैद्यांची नाना प्रकारची शास्त्रे लोकांत प्रचलित आहेत. म्हणजे माहितीचा महापूर ही तक्रार आजची नाही. त्यानंतर चांगल्या शास्त्राची लक्षणे सांगितली आहेत. ते धीर आणि यशस्वी पुरुषांनी उपयोगात आणलेले असावे, अर्थाने समृद्ध असावे, आप्तांना मान्य असावे, पुनरुक्तीपासून मुक्त असावे, त्याची मांडणी क्रमशुद्ध असावी, त्यात पूर्वापर विरोध नसावा, व्याख्या आणि उदाहरणे असावीत. कोणत्याही संकेतस्थळासमोर ही लक्षणे ठेवून पाहावीत. निम्मी संकेतस्थळे पहिल्या दोन लक्षणांतच गळून पडतील.

आणि आप्त म्हणजे कोण? सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चार परीक्षा सांगितल्या आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. तेथे आप्ताचे लक्षण देताना चरकांनी पदवी, वय, पांढरी दाढी किंवा अनुयायांची संख्या सांगितलेली नाही. जे रज आणि तम यांपासून मुक्त आहेत ते आप्त, असे सांगितले आहे. आजच्या भाषेत याचा व्यवहारी अर्थ मी असा लावतो. सांगणाऱ्याचा त्यात लाभ गुंतलेला असेल, तर तेथे रज आहे. सांगणाऱ्याला विषय ठाऊकच नसेल, तर तेथे तम आहे. ज्या पानावर अश्वगंधेचे गुण सांगितले आहेत आणि त्याच पानाच्या तळाशी अश्वगंधेची बाटली विकायला ठेवली आहे, ते पान खोटेच असेल असे नाही. पण ते आप्त नव्हे. ज्या पानावर लेखकाचे नाव नाही, तारीख नाही, मात्रा नाही, तेथे तमाचा अंधार आहे. आणि जी लाभाची कसोटी औषधकंपनीला लावायची, तीच आपल्याला अनुकूल बोलणाऱ्यालाही लावायची. मंत्रालय असो, महाविद्यालय असो वा आपली संघटना असो, अनुकूल बोलले म्हणून परीक्षेतून सूट नाही.

आता प्रत्यक्ष शोधण्याकडे वळू.

पहिली गोष्ट नावाची. 'अशोक' असा शब्द देऊन चित्रे शोधून पाहावीत. रस्त्याकडेला लावलेल्या, शेलाट्या, लांबट पानांच्या झाडांची चित्रेही त्यात सर्रास येतील. तो पॉलिअ‍ॅल्थिया आहे. अशोकारिष्टातील अशोक, साराका असोका, नव्हे. 'ब्राह्मी' शोधावी तर बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन्ही वनस्पती एकाच नावाने येतात. आयुर्वेदिक फार्माकोपियात पहिली ब्राह्मी आहे आणि दुसरी मंडूकपर्णी. शंखपुष्पीबाबत तर उत्तरेत एक वनस्पती, केरळात दुसरी. म्हणून शोध नेहमी वनस्पतिशास्त्रीय नावाने, रोमन लिपीत करावा, आणि त्या वनस्पतीची जुनी नावेही देऊन पाहावीत. शंखपुष्पीवरील काही निबंध कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस या नावाखाली आहेत, तर काही प्रोस्ट्रेटस या नावाखाली. एकच नाव दिले तर अर्धे ज्ञान हाती लागते.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. जे सिद्ध व्हावे असे वाटते, त्याच्या उलट बाजूचा शोध आधी घ्यावा. 'फायदे' शोधण्यापूर्वी 'अपाय', 'विषाक्तता', 'रुग्णनोंद' या अर्थांचे इंग्रजी शब्द जोडून शोधावे. आपल्या पूर्वसूरींनी पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडला नाही. शोधयंत्रापुढेही तोच क्रम ठेवावा.

तिसरी गोष्ट जागेची. सगळ्या बाजारात हिंडण्यापेक्षा ठरावीक पेठेत जावे. शोधाच्या चौकटीत 'साइट' हा इंग्रजी शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि लगेच संकेतस्थळाचे नाव टंकले, की यंत्र तेवढ्याच संकेतस्थळात शोधते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवला, की तो जसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दापूर्वी वजाचे चिन्ह दिले, की तो शब्द असलेली पाने बहुतांशी गळतात. विक्रीची पाने टाळण्यास ही युक्ती फार उपयोगी पडते. वैद्यकीय निबंधांसाठी पबमेड, चाचण्यांच्या नोंदीसाठी २००७ पासून चालू असलेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, आपल्या क्षेत्रातील संशोधनासाठी आयुष रिसर्च पोर्टल आणि मूळ संहितावचनांसाठी हैदराबादच्या भारतीय वैद्यक वारसा संस्थेने सिद्ध केलेली ई-संहिता, या चार पेठा प्रत्येक वैद्याच्या पायाखालच्या असाव्यात. चारही विनामूल्य आहेत.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या साधनांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. प्रश्न विचारताच ती सुघड भाषेत उत्तर देतात, अध्याय-श्लोकांकांसह संदर्भ देतात. परंतु ते संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात. वचन चरकाचे म्हणून दिलेले असते आणि त्या स्थानी भलताच विषय निघतो. अशा साधनाकडून शोधाचे शब्द सुचवून घ्यावेत. निर्णय घेऊ नये. संदर्भ मिळाला की ई-संहितेत अथवा घरच्या कपाटातील यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेल्या निर्णयसागर प्रतीत तो उघडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

सापडलेल्या निबंधाची परीक्षा हा यापुढचा टप्पा. 'छापून आले आहे' एवढे आता पुरेसे राहिलेले नाही. याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीचा अभ्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. लक्षात घ्यावे, की ही यादी 'मान्यताप्राप्त' होती. त्यानंतर आयोगाने नवी यादी करण्याचे काम पुणे विद्यापीठाकडे सोपवले. ती यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. तात्पर्य, दुसऱ्याने केलेल्या यादीवर विसंबून परीक्षा टळत नाही.

निबंध हाती आल्यावर मी स्वतः सहा प्रश्न विचारतो. हा अभ्यास माणसांवर आहे, उंदरांवर आहे, की काचेच्या नळीतील पेशींवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता काय? वनस्पतीची ओळख कोणी पटवली आणि तिचा नमुना जपून ठेवला आहे काय? दिलेले औषध काढा, चूर्ण की मद्यार्कातील अर्क? कारण अर्काचा निष्कर्ष काढ्याला लागू होतोच असे नाही. मात्रा किती आणि काळ किती? आणि खर्च कोणी केला? या सहांपैकी तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तो निबंध बाजूला ठेवावा, मग तो आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध बाजूचा.

मथळ्यापलीकडे वाचले की काय दिसते, याचा एक नमुना देतो. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये रॉबर्ट सॅपर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादने त्यांनी मागवून तपासली आणि २०.७ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 'आयुर्वेदिक औषधांत पाचवा हिस्सा विषारी' हा मथळा यातूनच फिरला. आपल्याकडून प्रत्युत्तर आले, की हा परदेशी कट आहे. निबंध उघडला तर आत असे आहे: अमेरिकेत बनवलेल्या उत्पादनांत हे प्रमाण २१.७ टक्के आणि भारतात बनवलेल्यांत १९.५ टक्के, म्हणजे फरक नगण्य. रसशास्त्रीय उत्पादनांत ४०.६ टक्के, तर इतरांत १७.१ टक्के. रसौषधींत धातू सापडणे हे आपल्याला नवल नाही. तेथे प्रश्न शोधन-मारणाचा, मात्रेचा आणि देखरेखीचा आहे. परंतु ज्या औषधांत धातू असण्याचे कारणच नाही अशा १७ टक्क्यांत तो का सापडला, हा प्रश्न आपल्या औषधनिर्मात्यांना झोप लागू न देणारा असायला हवा होता. कट म्हणून मोकळे झालो, आणि हा आकडा आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेतून निसटला.

'परंपरा हाच पुरावा आहे', असेही आपण म्हणतो. मला परंपरेचा अनादर करायचा नाही. उलट तिचे बळ कशात आहे ते सांगायचे आहे. हळदीने जखम भरून येते, या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. घराघरांतील आज्यांना हे ठाऊक होते. पण 'सर्वांना ठाऊक आहे' या विधानाने ते पेटंट हलले नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ लेखी, दिनांकित संदर्भ पुढे ठेवले, त्यांत संस्कृत ग्रंथही होते, तेव्हा १९९७ मध्ये तो दावा फेटाळला गेला. यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. परंपरा जिंकली, कारण कोणी तरी बसून संदर्भ शोधले, तारखा लावल्या आणि मूळ पान दाखवले. नुसता अभिमान तेथे जिंकला नसता.

याच संदर्भात आमच्या डोंगरातील माणसांविषयी एक गोष्ट. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात चरकांनी म्हटले आहे, की शेळ्या-मेंढ्या-गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक औषधी नावारूपाने ओळखतात. पण केवळ नाव आणि रूप कळल्याने औषधाचे ज्ञान पूर्ण होत नाही. न जाणलेले औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे आहे आणि जाणलेले औषध अमृतासारखे, असेही तेथेच सांगितले आहे. मढे घाटाकडे गुरे चारणारा धनगर मला गुळवेल दाखवतो तेव्हा मी त्याचे ऐकतो, कारण त्याची नजर माझ्याहून तयार आहे. मोबाईलमधील संदेशाला मात्र ना धनगराची नजर आहे ना वैद्याची युक्ती. नाव आहे, पण रूप नाही. रूप असले तर योग नाही. आणि ज्या गुडूचीचा स्वरस चरकांनी पांडुरोगचिकित्सितात कामलेवर सांगितला, त्याच नावाच्या काढ्यानंतर माझ्यासमोर कामलेचा रुग्ण येऊन बसला. याचा अर्थ चरक चुकले असा मी घेत नाही. कोणती वेल, कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, किती काळ, या चारही गोष्टी संदेशात गळल्या होत्या, हा अर्थ मी घेतो. आणि मुंबईतील नोंदींकडे पाहता, खरी गुडूची असूनही एखाद्या विशिष्ट प्रकृतीच्या माणसाला ती बाधू शकते काय, हा प्रश्न मी उघडा ठेवतो. तो उघडा ठेवल्याने आयुर्वेदाचे काही बिघडत नाही. रुग्णाला थायरॉइड, संधिवात किंवा इतर ऑटोइम्यून विकार आहे काय, एवढे विचारून मगच दीर्घकाळ गुडूची देण्याची सवय मात्र लागते.

औषधविक्रेते आणि निर्माते मित्रांना दोन शब्द. कच्चा माल हल्ली पडद्यावरून मागवला जातो. छायाचित्र पाहून पोत्याची किंमत ठरते. छायाचित्रातील गुळवेल आणि पोत्यातील गुळवेल एकच आहे, हे कोण पाहणार? क्रिस्पाच्या खोडावर दाट फोडांसारखे उंचवटे असतात आणि तिच्या फुलाला तीनच पाकळ्या असतात, तर कॉर्डिफोलियाच्या फुलाला सहा. पण सुक्या तुकड्यांत फूल कोठून पाहणार? म्हणून मालाच्या प्रत्येक गोणीसोबत वनस्पतिशास्त्रीय नाव, गोळा केल्याचे ठिकाण आणि महिना लेखी मागावा आणि फार्माकोपियातील कसोट्यांनी तो तपासून घ्यावा. तसेच आपल्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलच्या जाहिरातीत मधुमेह, कर्करोग अशा विकारांपासून मुक्तीचे दावे करणे हे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या कक्षेत येते. दुकानाच्या फलकावर जे लिहायला आपण कचरू, ते पडद्यावर लिहायलाही कचरावे.

शेवटी संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक तालुका शाखेने महिन्यातून एकदा एकत्र बसून एकाच मोबाईल-संदेशाची किंवा एकाच निबंधाची परीक्षा करावी. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत: संधाय आणि विगृह्य. आपले मोबाईलवरील गट विगृह्य संभाषेचे आखाडे झाले आहेत. समोरासमोर बसलो तर संधाय संभाषा घडेल. भोर, नसरापूर, वेल्हे येथील वैद्यांनी एका खोलीत बसणे अवघड नाही. दुसरी सूचना, संशयित अपायाची नोंद दडवू नये. २०१८ पासून आयुष औषधांसाठी औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. तेथे आपण नोंद पाठवली नाही, तर नोंद दुसरे करतील, आणि मग ओळख पटवली नाही म्हणून तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. तिसरी सूचना अगदी साधी आहे. रुग्ण घरचे औषध घेत असेल तर त्याचा तुकडा आणायला सांगावा आणि तो नाव-तारीख लिहून पाकिटात ठेवावा. माझ्या टेबलाच्या खणात आता अशी पाकिटे आहेत. त्या पावसाळ्यात एक असते, तर आज हा लेख निराळा झाला असता.

'वेळ कोठे आहे?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दिवसाला चाळीस रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने निबंध कधी वाचावे? उत्तर असे, की सगळे वाचण्याची अपेक्षा कोणीच करीत नाही. जे पुढे पाठवायचे तेवढेच वाचावे. न वाचलेले पुढे पाठवायचे नाही, एवढा एकच नियम आपण सर्वांनी पाळला, तरी आपल्या गटांतील निम्मा गलबला शांत होईल आणि उरलेल्या निम्म्याला वजन येईल.

वैद्याच्या नावाने आलेला संदेश रुग्ण परीक्षा न करता स्वीकारतो. त्याच्या दृष्टीने आपण आप्त आहोत. तो विश्वास आपल्याला वारशाने मिळाला आहे. आपण तो कमावलेला नाही. पुढील पिढीच्या वैद्यांनाही तो मिळावा असे वाटत असेल, तर आप्ताचे लक्षण आधी स्वतःला लावून पाहावे लागेल. वाचकांनी आपले अनुभव व मतभेद अवश्य कळवावेत, विशेषतः मतभेद.

इति अलम्.